तामियाच्या नावाचा बर्फ

लाइट गेली ना? जाऊ दे. मेणबत्ती नको लावूस विल्मा, चुलीचा उजेड पुरे आहे. ते उकडलेले बटाटे इकडं सरकव आणि दूध चुलीवर ठेव. सकाळी डेअरी बंद होती म्हणून परत घेऊन आलीस ना, ते नासायच्या आत तापू दे. आणि दार लावून घे. वरून वारं सुटलंय.

जेफरसन, तो मोबाइल खिशात घाल. उद्या परदेशी पाहुण्यांना घेऊन ताइताकडं चाललायस म्हणे. बर्फ तोडून दाखवणार, व्हिडिओ काढणार. काढ बाबा, मी कोण अडवणारा? पण सकाळी तू मला काय विचारलंस? "काका, कुऱ्हाड मारायच्या आधी डोंगराला काहीतरी बोलतात ना, ते दोन ओळीत सांगा, व्हिडिओत बरं दिसेल." मी उत्तर दिलं नाही, तर तोंड वाकडं करून गेलास. दोन ओळीत सांगण्यासारखं नाही रे ते. आता सांगतो. सगळेच ऐका, आणि मधे मधे हसू नका.

शाळेच्या नकाशात त्याला चिंबोरासो म्हणतात. खाली लिहिलेलं असतं, विझलेला ज्वालामुखी. विझलेला! लिहिणाऱ्यानं एक रात्र वर काढलेली नसावी. आपल्या लोकांनी त्याला कधी डोंगर म्हटलं नाही, ताइता म्हटलं. बाप म्हटलं. पाणी त्याचं, गवत त्याचं, आणि शेवटी माणूसही त्याचंच.

माझ्या तरुणपणी गावातली पंधरावीस माणसं बर्फाला जायची. वाटेत उंच गवत कापायचं, तिथंच बसून दोर वळायचे. वर मातीखालचा जुना बर्फ उघडा करून लाद्या काढायच्या, गवतात गुंडाळायच्या, त्याच दोरानं बांधायच्या. प्रत्येक घराची गाठ वेगळी. लांबूनही ओळखू यायचं, हे कोणाचं ओझं. पहिला घाव घालायच्या आधी उसाच्या दारूचा घोट जमिनीवर सांडायचा आणि ताइताला सांगायचं, मी कोण, किती लाद्या नेणार आणि कोणासाठी. हा बर्फ कोणाच्या तोंडात पडणार, त्या माणसाचं नाव घ्यायचं. बाजारातली सरबतवाली असेल तर तिचं, लग्नघर असेल तर नवरीचं. ज्याचं नाव घेतलं, बर्फ त्याच्याकडंच गेला पाहिजे. मधल्यामधे फिरवायचा नाही.

मयतासाठी मात्र मागायचा नाही. मेलेलं माणूस ताइताकडंच जातं. जे त्याचंच झालं, त्याच्यासाठी त्याच्याकडं काय मागायचं? माझ्या बापानं एकदा मागितला होता, सरळ खरं सांगून. दिवसभर पहार मारली. मूठभर चुरा निघाला. रिकाम्या हातानं खाली आला बिचारा. पण आला.

आता हिलारियोचं ऐका. हिलारियो तेनेलेमा, डेअरीवर दुधाचं माप घेऊन बसतो तोच. भिंतीकडं तोंड करून बसतो म्हणून तुम्ही पोरं त्याला हसता. पाठ ताइताकडं असावी म्हणून तो तसा बसतो. कोणी पोर बर्फाचा गोळा चोखत आत आलं की उठून मागच्या खोलीत जातो, तेव्हाही हसता. मी नाही हसत. हा हिलारियो गावातला शेवटचा बर्फवाला. त्याच्याइतकी सरळ लादी माझ्या बघण्यात कोणी तोडली नाही. हे सगळं त्यानंच मला सांगितलं, एकदाच, पुन्हा कधी विषय काढला नाही. आणि त्यातलं एक मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ते शेवटी सांगतो.

दोन वर्षांपूर्वीचं ते लोडशेडिंगचं साल आठवतंय? पाऊस नाही, धरणं आटलेली, चौदा चौदा तास लाइट नसायची. त्या सालची ऑक्टोबरची तीस तारीख. बुधवार. अमावस्या दोन दिवसांवर आलेली. आदल्या रात्री त्रान्सितो आत्या गेली.

आत्या म्हणजे हिलारियोच्या बापाची बहीण. हिलारियोची आई बाळंतपणात गेली, तेव्हा आत्यानं त्याला स्वतःच्या ओल्मेदोबरोबर पाठीला बांधून वाढवला. एका पाठीवर दोन पोरं. दोघं भावासारखे वाढले, बर्फालाही एकत्रच जायचे. पुढं ओल्मेदो स्पेनला गेला, मुर्सियाकडच्या मळ्यांत भाजी खुडायला. कागदपत्रांच्या भानगडीत अडकला तो अडकलाच. एकवीस वर्षं परत आला नाही.

बुधवारी सकाळी त्याचा फोन आला. रेंज येत होती, जात होती. "हिलारियो... शनिवारचं विमान मिळालंय. तोपर्यंत आईला ठेव रे. मला एकदा तिचं तोंड बघू दे. बाकी काही नको मला." एवढा बाप्या गडी, पण हमसून हमसून रडत होता.

हिलारियो म्हणाला, "तू ये. मी आहे ना."

आता ठेवायचं कसं? शहरातून औषध टोचणारा बोलवावा तर आत्यानं मरायच्या आधी सगळ्यांना बजावलेलं, "मला सुया टोचल्यात तर एकेकाच्या उशाशी येऊन बसेन." तशी होतीच ती. लाइट नाही म्हणून रिओबांबा शहरातले बर्फाचे कारखाने आठवडाभर बंद. राहिला कोण? ताइता.

नऊ वाजता हिलारियोनं दोन गाढवं बाहेर काढली. त्याची पोरगी तामिया, तेव्हा सहा वर्षांची, निळ्या दारात उभी राहून वेणीचं टोक चघळत होती.

"बाबा, मलापण आण. बेरीच्या सरबतात घालायला."

"आणतो."

"मोठ्ठा आण."

"तुझ्या डोक्याएवढा आणतो, बस?"

त्याची बायको लुसमिला आतून करवादली, "अहो, मयताच्या कामाला निघालात ना? त्यात पोरीचं कसलं घेऊन बसलात!" हिलारियो हसला आणि निघाला. तेवढ्यावर विषय संपला होता खरं तर.

वर जाईपर्यंत दीड वाजला. वाटेत गवत कापलं, दोर वळले. सगळं रीतीनं केलं. बर्फाच्या खाणीपाशी टोपी काढली, दारूचा घोट सांडला.

"ताइता, मी हिलारियो. फेलिसियानोचा पोरगा. चार लाद्या न्यायला आलोय."

आणि तिथं त्याची गाडी अडली.

खरं सांगावं, तर माझ्या बापाचं झालं तेच होणार. दिवसभर पहार मारून मूठभर चुरा. ओल्मेदो शनिवारी येणार, आणि त्याला आईचं तोंड... तुम्ही कोणी तीन दिवसांचं मयत बघितलंय का? नका बघू. हिलारियो किती तरी वेळ तसाच उभा राहिला. मग त्याला सकाळचं आठवलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं,

"तामियासाठी."

हे काही अगदीच खोटं नाही, असं त्यानं मनाशी म्हटलं. एका लादीचा कोपरा तोडून पोरीला द्यायचाच आहे. तिच्या तोंडात थोडा बर्फ तर पडणारच आहे की. आपण माणसं असंच करतो बघा. सरळ खोटं बोलायची छाती नसते, मग खऱ्याचा एक तुकडा शोधून पुढं करतो.

तो बोलला, आणि वारा पडला.

वर वारा कधीच पडत नाही, जेफरसन. तू गेलायस, तुला माहीत आहे. त्या दिवशी पडला. गवताचं पातं हलेना. हिलारियोनं कुऱ्हाड उचलली आणि मारली. एका घावात लादी सुटली. जिथं वीस-पंचवीस घाव लागतात, तिथं एका घावात. दुसरी तशीच, तिसरी तशीच, चौथी तशीच. चारही चौकोनी, स्वच्छ, आत एक खडा नाही की मातीचा कण नाही. कोणीतरी आधीच तोडून ठेवल्यासारख्या.

बर्फवाल्याला याचा आनंद व्हायला हवा. हिलारियोला झाला नाही. त्यानं खाली मान घालून लाद्या गुंडाळल्या, बापाची गाठ मारली. फेलिसियानोची गाठ डावीकडून दोन वेढे घेऊन आत वळायची. ती त्यानं पोराशिवाय कोणाला शिकवली नव्हती. फेलिसियानो मेल्यापासून ती गाठ मारणारे हात जगात दोनच, हिलारियोचे. हे लक्षात ठेवा. मग एका लादीचा कोपरा तोडून त्यानं अंगठ्याएवढा तुकडा गवतात गुंडाळला, अंगावरच्या लोकरी पोंचोच्या आत ठेवला आणि उतरायला लागला.

सहाला सूर्य गेला. त्याबरोबर अंधार. एरवी खाली गावांचे दिवे दिसतात, माणसाला तेवढाच धीर. त्या रात्री एक दिवा नव्हता. बॅटरीच्या उजेडात पायापुढची हातभर वाट दिसत होती, तेवढीच.

अर्ध्या वाटेवर त्याच्या लक्षात आलं. आवाज येत नाहीये.

कसला आवाज? अरे, बर्फ घेऊन उतरताना गाढवाच्या पोटाखालून पाणी ठिबकतं. टप... टप... वाटभर. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय की तो असला तर ऐकू येत नाही. नसला की येतो. हिलारियो थांबला. गाढवाच्या पोटाखाली हात घातला. कोरडं. गवत चाचपलं. कोरडं. चार तास झाले होते, आणि एक थेंब वितळला नव्हता.

गाढवं धापा टाकत होती. उताराला ओझं हलकं होत जातं. त्यांचं वाढत चाललं होतं.

पांढऱ्या क्रुसाचं वळण आलं. हिलारियोनं मोबाइल बघितला. रेंज नव्हती, वेळ दिसत होती. सात वाजून दहा मिनिटं.

"सोबत देऊ का?"

मागून. पुरुषाचा आवाज. मोठा नाही, सावकाश.

हिलारियो वळला. उंच माणूस. पांढरा पोंचो, टोपी डोळ्यांवर ओढलेली. हिलारियोला वाटलं, आत्याकडं रात्र जागवायला कुठल्या वरच्या वस्तीवरून चालला असेल. तो म्हणाला, "या की, पाव्हणं." अंधारात सोबत कोणाला नको असते?

दोघं चालायला लागले.

"बर्फ का?"

"हो."

"कोणाचा?"

रीत अशी, की वर जे नाव घेतलं ते ओझं उतरवेपर्यंत बदलायचं नाही. कोणी विचारलं तर तेच सांगायचं. हिलारियोनं रीत पाळली. म्हणाला, "तामियाचा. पोरगी माझी."

"घर कुठं तिचं?"

आणि हिलारियोनं सांगितलं. आपल्यात कोणी घर विचारलं तर सांगतात, त्यात काय विचार करायचा? "डेअरीच्या पुढं. निळं दार."

"निळं दार," तो माणूस म्हणाला.

हिलारियोच्या तोंडातून वाफ निघत होती. गाढवांच्या नाकातून निघत होती. त्या माणसाच्या... त्यानं बघायचं टाळलं. खडीवर आठ खुरं वाजत होती, आणि दोन पाय. दोनच. त्याचे स्वतःचे.

गाव आलं. रस्ता फुटतो तिथं उजवीकडं डेअरी, डावीकडं आत्याचं घर. हिलारियोनं गाढवं डावीकडं वळवली. तो माणूस थांबला.

"इकडं नाही?"

हिलारियो म्हणाला, "आधी... आधी इथं काम आहे."

तो माणूस गाढवांवरच्या ओझ्याकडं बघत राहिला. बराच वेळ. मग म्हणाला,

"बरं. मी पुढं होतो."

आणि उजवीकडं निघून गेला.

आता तुम्ही म्हणाल, त्याच्या मागं का नाही पळाला हा गाढव? मीही हेच विचारलं होतं. तो म्हणाला, "डेल्फिनकाका, मला कळलं होतं. पण कळलंय असं कबूल केलं असतं तर वर काय बोललो तेही कबूल करावं लागलं असतं." म्हणून तो आत्याच्या घरी गेला. तिथं मेणबत्त्या होत्या, बायका होत्या, उकडलेल्या मक्याची परात होती, माणसं होती. आत्याची धाकटी बहीण आसुंता दारातच रडली, "देव तुझं भलं करो रे लेकरा." आत्याला दोन बाकांमधल्या फळ्यांवर ठेवलं होतं. खाली पत्र्याच्या पाट्या मांडल्या आणि चारही लाद्या त्यांत, आत्याच्या अंगाखाली, लावल्या. खोलीत एकदम गार झालं. मेणबत्त्यांच्या ज्योती आखडल्या. बायकांनी शाली ओढून घेतल्या आणि ताइताचे आभार मानले.

हिलारियोनं मक्याचा दाणाही तोंडात घातला नाही. पोंचोतला तुकडा चाचपला आणि घराकडं निघाला. आधी चालत. मग पळत.

निळं दार उघडंच होतं.

लुसमिला चुलीपाशी सातूची पेज ढवळत होती. "आलात? आणि ते कोण हो पाठवलंत पुढं? उंच म्हातारे. बसा म्हटलं, बसले नाहीत. पेज घ्या म्हटलं, घेतली नाही. एवढंच विचारलं, 'तामिया कुठली?'"

"मग?"

"झोपलीय म्हटलं आत. लांबूनच बघतो म्हणाले. खाटेशी उभे राहिले जरा. कधी गेले ते बाई दिसलंच नाही मला..." मग तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. "काय झालं? अहो, काय झालं?"

हातातला तुकडा कुठंतरी ठेवायचा म्हणून त्यानं फळीवरच्या मगात टाकला आणि आत गेला.

तामिया सरळ झोपली होती. कधी सरळ झोपत नसे पोरगी, खाटभर लोळायची. त्यानं हाक मारली. कपाळाला हात लावला... आणि काढून घेतला. हा गारवा त्याला ओळखीचा होता. आयुष्यभर तो हातांनी उचलला होता.

बॅटरी तिच्या तोंडाजवळ धरली. त्याच्या स्वतःच्या तोंडातून वाफ येत होती. लुसमिलाच्या येत होती. तामियाच्या ओठांवर... होती. अगदी बारीक. थांबत थांबत.

तेव्हा त्याला तिचं मनगट दिसलं.

मनगटाला गवताचा दोर होता. वरचं उंच गवत, खाली उगवत नाही ते. डावीकडून दोन वेढे, आत वळलेला.

त्याची स्वतःची गाठ.

सुटेना. जी गाठ तो डोळे मिटून सोडायचा, तीच सुटेना. सुरी लावली, सुरी घसरली. लुसमिला किंचाळायला लागली, "काय बोललात तुम्ही वर? काय बोलून आलात?" कारण तीही याच मातीतली, तिला सांगावं लागलं नाही.

समजतंय ना तुम्हाला? त्यानं वर सांगितलं होतं, बर्फ तामियासाठी. आणि बर्फ ठेवला होता मयताच्या अंगाखाली. मग ताइताच्या लेखी मयत कोण?

हिलारियो बाहेर पडला. आत्याच्या घरी शिरला आणि कोणाशी एक शब्द न बोलता गुडघ्यांवर बसून मयताखालच्या लाद्या ओढायला लागला. बायका आधी बघतच राहिल्या, मग एकच गिल्ला. आसुंतानं त्याच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. "मेल्या, कुजवतोस माझ्या बहिणीला? जिच्या पाठीवर वाढलास तिला? ओल्मेदोला काय तोंड दाखवशील?" त्यानं सगळं ऐकून घेतलं. जाताना आत्याच्या कपाळाला हात लावला. "आत्या, पोरगी जातीय माझी," एवढंच म्हणाला. मला विचाराल तर आत्या जिवंत असती तर तिनंच लाद्या उचलून दिल्या असत्या.

साडेदहाला निघाला. चंद्र नाही, दिवा नाही. गाढवांना हाकावं लागलं नाही. दिवसभर चाललेली जनावरं चढाला आपणहून पळत होती. ओझं पिसासारखं झालं होतं. बरोबर कोणी नव्हतं. पांढऱ्या क्रुसाशी थांबून त्यानं हाक मारली, "पाव्हणं... ओ पाव्हणं..." कोणी ओ दिली नाही.

दोन चाळीसला खाणीशी पोचला. बोटं लाकडासारखी. चारही लाद्या जिथून काढल्या तिथं परत लावल्या. चपखल बसल्या. टोपी काढली. दारू नव्हती.

"मी हिलारियो. फेलिसियानोचा. चार लाद्या नेल्या होत्या..."

त्यानं लादीवर कपाळ टेकलं.

"त्रान्सितोसाठी. मेलीय ती. मी खोटं बोललो. पोरीसाठी नव्हत्या... तिचं नाव परत दे, ताइता. माझं घे. पण तिचं परत दे."

काही नाही.

वारा नाही.

कितीतरी वेळ... काही नाही.

मग...

टप.

त्याच्या पायाशी, लादीच्या कडेवरून. आणि थोड्या वेळानं दुसरा. हिलारियो तिथंच चिखलात बसला आणि लहान पोरासारखा रडला.

उजाडता उजाडता घरी आला तर तामिया चुलीपाशी बसून पेज पीत होती. "माझा बर्फ कुठाय?" हा पहिला प्रश्न. लुसमिला तिला मागून मिठी मारून बसलेली, सोडायला तयार नाही. तिनं सांगितलं, तीनला थोडं कमी असताना मनगटावरचा दोर ओला झाला, सैल पडला आणि गळून गेला. सकाळी शोधला तर खाटेखाली फक्त पाणी.

आत्याला शुक्रवारीच पुरावं लागलं. शनिवारी ओल्मेदो आला, बॅग हातात घेऊन थेट मातीच्या ढिगाऱ्यापाशीच गेला. हिलारियोला तो एवढंच म्हणाला, "मी आहे, म्हणाला होतास ना तू?" आठव्या दिवशी ओल्मेदो परत गेला. अजून फोन नाही. हिलारियोनं कुऱ्हाड आसुंताच्या लाकडाच्या ढिगावर ठेवली आणि डेअरीवर कामाला लागला.

तुम्हाला वाटलं, संपली गोष्ट? मग मगातल्या तुकड्याचं काय?

त्या रात्री धांदलीत त्यानं तो मगात टाकला आणि विसरला. चार लाद्या परत केल्या, तुकडा घरीच राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लुसमिलाच्या लक्षात आलं. तो मग कोरडा. तुकडा होता तसा, कडा धारदार. चुलीपासून चार हातांवरची फळी ती. आठवडा गेला. महिना गेला. वितळेना.

हिलारियोला तो फेकवेना, कारण वर जे बोलला त्यातलं तेवढंच खरं होतं. तो तुकडा तामियाच्याच नावाचा, आणि तामियाकडंच आला होता. परत नेता येत नाही, नावानं आलेला बर्फ फिरवायचा नसतो. तिला खायला द्यायचा तर लुसमिला तो मग छातीशी धरून बसते. म्हणून तो तिथंच आहे. दोन वर्षं. रोज सकाळी डेअरीवर जायच्या आधी हिलारियो उठून पहिल्यांदा त्या मगात बघतो. मीही बघितलाय. अंगठ्याएवढा. आत एक बुडबुडा.

म्हणून सांगतो जेफरसन, उद्या जायचं तर जा. पण कोणाचं नाव घ्यायचं ते आज रात्रीच ठरव, आणि ते खरं असू दे. व्हिडिओसाठी काहीतरी बोलून टाकू नकोस. विल्मा, दूध बघ, वर आलंय.

काय म्हणालास? तो तुकडा अजून आहे का?

काल संध्याकाळी गेलो होतो त्यांच्याकडं. तामिया अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. आठ वर्षांची झालीय आता, समोरचे दोन दात नवे आलेत. मला बघून हसली. लुसमिला आत पीठ चाळत होती. हिलारियो घरात नव्हता, आणि आज सकाळी डेअरीही उघडली नाही. तो मग फळीवरच होता. मी आत डोकावलो नाही, माझी छाती झाली नाही. उठताना आधाराला म्हणून फळीवर हात टेकला...

फळी ओली होती.